आक्काच्या टाचा

महादूच्या नव्या घरात पाऊल टाकलं की पाहुण्याचं लक्ष आधी फरशीकडे जायचं. अंजूरच्या शिवारातली जमीन गोदामवाल्यांना गेली आणि भाविकनं, म्हणजे महादूच्या मुलानं, जुनं कौलारू घर पाडून तिथं दुमजली बंगला उठवला. फरशी घातली पांढरीशुभ्र. तिच्यावर सांडलेलं पाणी दिसायचं नाही, त्यामुळे आक्का पहिल्याच महिन्यात दोनदा आपटली. पण पोराच्या हौसेपुढे बोलायचं कुणी?

आक्का म्हणजे महादूची बायको. सगळा गाव तिला आक्का म्हणायचा. महादू मात्र तिला कुठल्याच नावानं हाक मारत नसे. "आयकतंस कं गो?" एवढ्यावर त्यानं अख्खा संसार रेटला होता.

त्यांच्या घरची गौरीची एक रीत होती. भाद्रपदात गौर आणायची ती घरच्या थोरल्या सुवासिनीनं, तीही अनवाणी. शेताच्या बांधावरची तेरड्याची रोपं सुपात घ्यायची, पदराखाली झाकून घरापर्यंत आणायची, उंबऱ्याशी परातीत कालवलेल्या कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवायचे आणि देवघरापर्यंत पावलं उमटवत जायचं. ती उंबऱ्यात उभी राहिली की घरधन्यानं आतून विचारायचं, "गवर आयली, कोनाचे पावलांनी आयली?" मग तिनं सांगायचं, "सोन्याचे पावलांनी आयली, लक्ष्मीचे पावलांनी आयली." महादू एरवी घुम्या माणूस, पण हा प्रश्न तो असा खणखणीत विचारायचा की शेजारच्या आळीत ऐकू जावा. वर्षातून एकदा बायकोशी चारचौघांत बोलायची ती एक संधी. ती तो वाया घालवत नसे.

जुन्या घरात जमीन शेणानं सारवलेली. तिच्यावर कुंकवाचा नुसता लाल डाग उठायचा, पाऊल कसं आहे ते कुणी बघायला जात नसे. नव्या घरातल्या पहिल्या गौरीला मात्र पांढऱ्या फरशीनं काही म्हणता काही लपवलं नाही. आक्काच्या टाचांना पडलेली एकूण एक भेग तिथं उमटली. चिखलात, खाडीच्या खाऱ्या पाण्यात आणि उन्हाळ्यातल्या ढेकळांत जन्म काढलेले पाय ते! देवघरापर्यंत लाल रेघोट्यांची रांगच लागली.

"आक्के, गवर आनलीस कं नांगरलेला शेत?" महादूची भावजय पार्वती म्हणाली, आणि बायका खदखदून हसल्या. आक्काही हसली. कुणीतरी त्या पावलांचे फोटो काढून नातेवाइकांत फिरवले. गौरीची पावलं गौर जाईपर्यंत पुसायची नसतात. पण पाहुणे पांगल्यावर महादू चहा मागायला आत आला, तर आक्का गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यानं आपलीच पावलं पुसत होती. त्याला बघून ती म्हणाली, "चिकट झायलीव फरशी." महादू चहा न मागताच बाहेर गेला.

त्या दिवसापासून ती घरातही मोजे घालायला लागली.

हे लक्षात आलं सुनेच्या. मनालीनं फार्मसीचा डिप्लोमा केलेला, भिवंडीत एका मेडिकल स्टोअरमध्ये ती काउंटर सांभाळायची. पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तिनं आक्काला ओट्यावर बसवलं, मोजे काढले आणि भेगा बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. काही भेगांतून रक्त येत होतं. आक्काला साखरेचा आजार जुना, गोळ्या घेतल्या तर घेतल्या अशा बेतानं चाललेला. दुसऱ्या दिवशी मनाली तिला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि येताना एक ट्यूब घेऊन आली.

"कंचा मलम हाय?" महादूनं झोपाळ्यावरून विचारलं.

"युरियाचं क्रीम आहे, बाबा."

महादूनं झोपाळा पायानं थांबवला. "युरिया? भाताला टाकतो तो?"

"मी काय भात हाय कं?" आक्का म्हणाली, आणि दोघं बऱ्याच दिवसांनी एकदम हसली.

मनालीला असं कुणी विचारलं की आनंद व्हायचा. ती समजावत बसली. युरिया आपल्या कातडीतही थोडं असतंच, ते ओल धरून ठेवतं. कातडी कोरडी पडली की ते कमी होतं, मग ती ताठते आणि फुटते. थोड्या टक्क्यांचं क्रीम नुसती ओल देतं. टक्के वाढवले की ते जाड, मेलेलं कातडं सैल करून सोडवतं. डॉक्टरांनी आक्काला वीस टक्क्यांचं दिलंय. आंघोळीनंतर लगेच लावायचं, बोटांच्या मधे लावायचं नाही, आणि जिथं भेग उघडी आहे, रक्त आहे, तिथं तर अजिबात नाही. ती आधी भरू द्यायची.

"गवरीपावतो बरं होईल कं?" आक्कानं विचारलं. तिला फक्त एवढंच हवं होतं.

"रोज लावलं तर होईल."

महादूला त्यातली जी गोष्ट पटली तीच त्यानं उचलली. टक्के वाढवले की जाड कातडं सुटतं. बाकीचं त्याच्या एका कानातून शिरलं आणि दुसऱ्यातून निघून गेलं.

वैशाखात, ज्येष्ठात मनालीनं नेमानं मलम लावलं. दुकानातून दमून आली तरी आधी आक्काचे पाय. टाचा हळूहळू निवत गेल्या, बारक्या भेगा बुजल्या. आक्का अधूनमधून मोजे काढून स्वतःच टाचेवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "पोरीच्या हाताला गुन हाय." मग आषाढ आला आणि तिची खोड जागी झाली. गोदामाच्या भिंतीला लागून महादूचा एक पट्टा उरला होता, घरच्या खाण्यापुरतं भात लावायला. लावणीला मजूर होते, पण आक्का कुणाचं ऐकते? चिखलात उतरलीच. डाव्या टाचेची मोठी भेग पुन्हा उकलली. मनालीनं कपाळावर हात मारला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

श्रावण लागला आणि मनालीच्या वडिलांचं मांडीचं हाड मोडलं. तिला तातडीनं माहेरी वासिंदला जावं लागलं. जाताना तिनं आक्काला बजावलं, महादूलाही बजावलं. "डाव्या टाचेची भेग भरत आली की मगच तिथं क्रीम लावा, तोवर नुसती स्वच्छ ठेवा. मी येतेच."

ती गेली आणि घरात शांतता पसरली. भाविक सकाळीच मानकोलीला ट्रकांच्या धंद्यावर निघून जायचा. आक्का दुपारी जेवून खाटेवर कलंडायची. तिला खाली वाकून टाचेपर्यंत हात पोहोचवणं जड जायचं, मग ती मलम लावल्यासारखं करून ट्यूब उशाशी ठेवायची. महादू हे झोपाळ्यावरून बघायचा. डावी टाच तशीच होती, कडा जाड, मधे लाल. गौरी तर तोंडावर आलेल्या. त्याला ती ओलं फडकं घेऊन गुडघ्यांवर बसलेली दिसायची.

त्याच आठवड्यात त्यानं पट्ट्यातल्या भाताला युरिया टाकला. उरलेलं अर्धं पोतं तोंड बांधून जिन्याखाली आणून ठेवलं. ठेवताना त्याचा हात पोत्यावरच राहिला. वीस टक्क्यांनी इतके महिने घेतले. इथं तर अख्खा शंभर टक्के माल पडलेला! पिवळं पडलेलं भात या दाण्यांनी आठवड्यात कसं तरारून उठतं ते त्यानं जन्मभर बघितलं होतं. शहरातल्या लोकांनी त्याच मालात काहीबाही घालून ट्यूब भरली, असा त्याचा हिशेब झाला. आणि एकदा त्याच्या मनानं घेतलं की घेतलं.

त्यानं कडुनिंबाचं तेल चढवलेले ते दाणे खलबत्त्यात कुटले, खोबरेल तेल घातलं, थोडं पाणी घातलं. वाटी हाताला गार लागली. युरिया पाण्यात विरघळला की गारवा सुटतो, हे त्याला ठाऊक होतं, पण आज तो गारवा त्याला शुभ वाटला. टाचेची आग निवेल.

आक्का उताणी झोपली होती. महादू खाटेच्या पायथ्याशी आला आणि तिथंच अडला. बायकोच्या पायांना नवऱ्यानं हात लावायचा नसतो. कधी कुणाला असं करताना त्यानं पाहिलं नव्हतं, स्वतः केलं नव्हतं. तिला ताप आला, बाळंतपणं झाली, तिच्या पायात काच घुसली, तेव्हासुद्धा पायाशी बसल्या होत्या बायकाच. त्यानं दार लोटून घेतलं. मग जमिनीवर बसला, तिचा उजवा पाय हळूच मांडीवर घेतला आणि टाचेला लेप लावला. तो झाला की डावा. डाव्या टाचेला जास्त लावला, भेगेत बोटानं दाबून भरला, कारण आजार तिथंच होता. वरून फडकं, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर मोजा.

झोंबलं तर ती ओरडून उठेल, म्हणून तो श्वास रोखून थांबला. शेतात हाताला कापलेलं असलं आणि युरिया लागला तर काय होतं ते त्याला माहीत होतं. पण आक्का हललीही नाही. तेव्हा त्याला वाटलं, मानवलं म्हणायचं.

मग रोज दुपारी तेच. उजवा, मग डावा. त्याला त्या वेळेची ओढ लागली. तिचे पाय त्याच्या तळहाताएवढेच होते, याचं त्याला नवल वाटायचं. ही बाई एवढ्याशा पायांनी इतकं शेत कशी तुडवत आली? तो मनातल्या मनात तिच्याशी बोलायचा, तोंडानं कधी बोलला नव्हता ते सगळं.

दोन-तीन दिवसांत टाचेचं जाड कातडं पांढरंफटक, भिजल्यासारखं झालं आणि कांद्याच्या सालीसारखं निघून आलं. खाली गुलाबी कातडी दिसली. उजव्या पायाचं तेवढ्यावर भागलं, म्हणून उजव्याला लावायचं त्यानं थांबवलं. महादू हरखून गेला. मनाली आली की तिला दाखवायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. तोंडावर एकदा म्हणायचंही होतं, बघ पोरी, तुझं वीस टक्के.

डावी टाच मात्र गुलाबीवर थांबली नाही. ती लाल झाली. मग एके दुपारी मोजा काढला तर आत पाणी साचलेलं, कडा काळपट आणि वास येणारा. महादूनं लेप धुऊन काढला, हळद लावली, पोतं उचलून शेतात नेऊन ओतलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. आपोआप भरेल, असं म्हणत राहिला. आक्काला ताप भरला तेव्हा भाविकनं मनालीला फोन केला. ती त्याच दिवशी आली, मोजा काढला आणि टाच उजेडाकडे वळवली.

"आई, हे दुखत नव्हतं तुम्हाला?" एरवी ती आक्काच म्हणायची.

"न्हाय गो," आक्का तापातच म्हणाली. "पायांना मना कवाचा काय कलत न्हाय."

महादूनं हे ऐकलं. ती ओरडली का नव्हती, ते त्याला तेव्हा कळलं.

भिवंडीतल्या हॉस्पिटलात तिला दाखल केलं. विष पायातून वर चढत होतं. सासरहून, वळ गावाहून मुलगी विनिता धावत आली आणि व्हरांड्यातच मनालीवर तुटून पडली. "तुझ्या मलमानं आईचा पाय नासला. मेडिकलमध्ये गोळ्या विकतेस म्हणून डॉक्टरीण झालीस काय? काय तर म्हणे युरिया! खत लावलंस माझ्या आईला!"

मनाली पर्समधून तीच ट्यूब काढून त्यावरची बारीक अक्षरं वाचत बसली होती, परत परत, कारण तिलाही आता तिचाच संशय यायला लागला होता. आपण टक्के चुकीचे घेतले का? भेग उघडी असताना लावायला सांगितलं का?

महादू तिथंच बाकावर बसलेला. विनिताचा शब्द न् शब्द त्याच्या कानावर पडत होता. त्यानं फक्त तोंड उघडायचं होतं. त्यानं आपल्या चपलांकडे बघितलं आणि बघतच राहिला. त्या घटकेला तो स्वतःला जितका नकोसा झाला तितका आयुष्यात कधी झाला नव्हता.

संध्याकाळी डॉक्टरबाई रिपोर्ट घेऊन आल्या. पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, त्या म्हणाल्या, नाहीतर जीव जाईल. "साखर खूप आहे. आणि रक्तातलं युरिया बरंच वाढलंय."

महादू उठून उभा राहिला. डोळ्यांपुढे ती वाटी आली, गार, पांढरी, खोबरेलाच्या वासाची. ते तिच्या रक्तात गेलं होतं. दुपारी दार लोटून, मांडीवर पाय घेऊन, त्यानं स्वतःच्या बोटांनी ते तिच्यात भरलं होतं.

"तो मी टाकलाय," तो म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही.

"तो युरिया मी टाकलाय तिचे रगतात. पोरीचे मलमाचा काय दोस न्हाय. मी पोत्यातला कुटून लावला. रोज लावला." आणि एवढा पुरुष माणूस, डॉक्टरबाईंपुढे, सुनेपुढे, पोरांपुढे उभ्यानं हुंदके द्यायला लागला.

विनिता बापाकडे अशी बघत राहिली की जणू हा कुणी अनोळखी माणूस. भाविकनं तोंड फिरवलं. मनालीनं मात्र ट्यूब खाली ठेवली, सासऱ्याला हाताला धरून बसवलं आणि त्याला पाणी पाजलं.

डॉक्टरबाईंनी त्याला समजावून सांगितलं. रक्तातलं युरिया शरीरातच तयार होतं. किडनी नीट चालली नाही की ते साठतं. आक्काच्या किडन्या साखरेनं कधीच्या थकल्यात. पायाला लावलेलं जाऊन रक्तातलं वाढलं, असं नाही. क्रीममधलं युरिया शुद्ध केलेलं, मापात मिसळलेलं असतं. पोत्यातलं तसं नसतं. वर ते घट्ट बांधून ठेवल्यामुळे कातडी भिजून सोलवटली, जखम खोल गेली, तिथून जंतू शिरले.

"मी लावला नसता तर पाय वाचला असता कं?"

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट मिटला. "तसं सांगता येणार नाही, आजोबा. त्यांचे पाय आधीच बधिर होते. पण लावायला नको होतं."

हो म्हटलं असतं तर तो मेला असता, नाही म्हटलं असतं तर सुटला असता. आता दोन्ही नव्हतं. हेच घेऊन जगायचं होतं.

ऑपरेशनच्या आधी दुपारी तो आक्काजवळ बसला होता. ताप जरा उतरलेला. ती छताकडे बघत होती. महादूनं कितीदा तरी घसा खाकरला.

"आयकतंस कं गो? मना एक सांगायचाय."

"मना म्हाईत हाय," आक्का म्हणाली.

"काय म्हाईत हाय?"

"तुमी पोत्यातला युरिया लावत व्हते ता. निंबाचा वास येतो त्याला. आख्खा जलम वटीत घेऊन शेतान टाकलाय मी तो. पायांना कलला न्हाय, नाकाला कलला."

"मंग बोललीस का न्हाय? एक लाथ मारायची व्हतीस!"

आक्का हळू आवाजात म्हणाली, "तुमी पाय धरलेले वो."

तो तिच्या उशाकडे सरकला.

"कवा न्हाय ता बसलेले पायाशी. बोलले असते तं उठून गेले असते तुमी, लाजेन. पायांना तं कायच कलत न्हाय, कोनी धरलाय कं सोरलाय. म्हनून डोले जरासं उघरून बगत व्हते." तिच्या डोळ्यांतून पाणी कानामागे ओघळलं. "मना काय म्हाईत पाय जाईल! मना वाटला, जराशी साल निंगल, मंग मनाली येल नि नीट करल."

महादूनं तिच्या पायांवर डोकं टेकलं. चादरीवरून, दोन्ही पायांवर. तिला ते कळणार नव्हतं, म्हणून ती मान उचलून बघत होती.

पाय गेला. डावा, गुडघ्याखालून.

ती घरी आली तेव्हा गणपती तोंडावर आले होते. उजवा पाय आता जपायचा होता. रोज बघायचा, भेग पडू द्यायची नाही, कोमट पाण्यानं धुऊन पुसायचा आणि मलम लावायचं, बोटांच्या मधे नाही. मनालीनं एकदा करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती दुकानातून आली तर महादू ट्यूब हातात घेऊन तयार बसला होता. "मना शिकव," तो म्हणाला. "पुरता शिकव. मागचे वेली मी अर्धाच आयकला." तिनं पुन्हा सगळं सांगितलं, आणि या वेळी तो मधे एकदाही बोलला नाही.

विनिता अजून बापाशी बोलत नव्हती. गौरीला ती आली, पण त्याला ओलांडून आत गेली. गौर या वर्षी मनालीनं आणायची असं सगळे धरून चालले होते. तिनं आक्काची ठेवणीतली साडी नेसली, बांधावरून तेरडा आणला आणि उंबऱ्याशी आली. तेवढ्यात आतून आक्काचा आवाज आला.

"थांब. सूप मना दे. भाविक, खुर्ची उचल."

पार्वतीनं तोंडाला पदर लावला. "अगो, बसून गवर आनतान कं कुठं?"

"मंग उबी कर मना," आक्का म्हणाली.

भाविकनं आणि केसरीनाथनं, म्हणजे पार्वतीच्या नवऱ्यानं, तिची खुर्ची उचलून उंबऱ्याबाहेर नेली. तिनं सूप मांडीवर घेतलं, पदरानं झाकलं. मनालीनं परात पुढे सरकवली. आक्कानं उजवा पाय कुंकवाच्या पाण्यात बुडवला. डाव्या बाजूला साडीचा घोळ नुसताच लोंबत होता.

आता महादूनं विचारायचं होतं. तो देवघराशी उभा होता. सगळं घर त्याच्या प्रश्नासाठी थांबलेलं. दरवर्षी शेजारच्या आळीत ऐकू जाणारा तो आवाज या वर्षी निघालाच नाही. हे तो कोणत्या तोंडानं विचारणार होता?

"इचारा," उंबऱ्यातून आक्का म्हणाली.

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"इचारा म्हनते ना! गवर ताटकलली."

"गवर आयली," महादू कसाबसा म्हणाला, "कोनाचे पावलांनी आयली?"

आक्कानं एकदा सगळ्यांकडे बघितलं. "एका पावलान आयली," ती म्हणाली. "पन आयली."

दोघांनी खुर्ची उचलून आत घेतली आणि तिनं पाय खाली टेकवला. मग खुर्ची पुढे, पुन्हा पाय. देवघरापर्यंत उजव्याच पायाची पावलं उमटली. पांढऱ्या फरशीवर लालभडक, टाच गोल, कडा गुळगुळीत, कुठं एक रेघ नाही. बायका बघत होत्या. या वेळी कुणी फोटो काढला नाही. विनिता भिंतीकडे तोंड करून रडत होती.

सूप देवापुढे ठेवलं गेलं. महादू तांब्या आणि पंचा घेऊन आला आणि सगळ्या घरादारासमोर आक्काच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसला. तिचा पाय त्यानं मांडीवर घेतला.

"लोकं बगतान वो," आक्का पुटपुटली.

"बगू दे."

त्यानं कुंकू धुतलं, टाच पुसली, बोटांमधलं पाणी टिपलं, मनालीनं शिकवलं होतं तसं. खिशातून ट्यूब काढून टाचेला मलम लावलं आणि हलक्या हातानं जिरवलं. पाय अलगद खाली ठेवला. मग सवयीनं त्याचा हात दुसरा पाय घ्यायला पुढे गेला, आणि साडीच्या घोळापाशी तसाच राहिला.